दुसरा नेमसर्व्हर म्हणजे गाडीची स्टेपनी नव्हे: छोट्या कंपनीने बाहेरचा डीएनएस कसा जोडावा

‘आमचे नेमसर्व्हर दोन आहेत’ असं कुणी ठामपणे सांगितलं की मी आधी त्या दोन नावांचे आयपी पत्ते काढून बघतो. (डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी इंटरनेटची यंत्रणा, आणि नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनपुरतं ते उत्तर देणारं मशीन.) बहुतेक वेळा फरक असतो तो शेवटच्या आकड्याचा, ११ आणि १२. कधी तोही नसतो. एकाच मशीनला दोन नावं दिलेली असतात, कारण रजिस्ट्रारचा, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचा, फॉर्म दोन नावांशिवाय पुढे सरकत नव्हता.

ज्यांना ही गोम कळते ते दुसरी चूक करतात. कुठेतरी फुकटचं खातं उघडतात, रेकॉर्ड, म्हणजे नाव-पत्त्याच्या नोंदी, हाताने भरतात, तिथला नेमसर्व्हर रजिस्ट्रारकडे जोडतात आणि विसरून जातात. समजूत अशी, की तो स्टेपनीसारखा डिकीत पडून राहील आणि पहिला पंक्चर झाला की लागेल. प्रत्यक्षात रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधून आणणारी इंटरनेट कंपनीची यंत्रणा, यादीतल्या कुठल्याही नेमसर्व्हरला विचारतो, सगळं सुरळीत चालू असतानासुद्धा. डिकीतलं वाटणारं ते चाक रोज रस्त्यावर फिरत असतं. त्याच्यात मागच्या वर्षीचा पत्ता असेल तर तुमची काही गिऱ्हाइकं आजही मागच्या वर्षीच्या पत्त्यावर जात आहेत. तुमच्या ऑफिसातून साइट नीट उघडते म्हणून तुम्हाला ते कळत नाही, एवढंच.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. रजिस्ट्रारकडचा बदल सगळ्यात शेवटी येतो आणि लोक नेमका तोच सगळ्यात आधी करतात.

## आधी हे ठरवा: तुम्हाला लागतो का?

नेहमीचा युक्तिवाद असा: ‘सर्व्हरच बंद असेल तर त्याचा पत्ता सांगून काय उपयोग?’ वेबसाइट, मेल आणि डीएनएस एकाच कपाटातल्या एकाच डब्यात असायचे तेव्हाही हे म्हणणं फारसं बरोबर नव्हतं. १९९७ च्या आरएफसी २१८२ या मार्गदर्शक दस्तऐवजात ते खोडून काढलेलं आहे. आज तर वेबसाइट मुंबईत, मेल गूगल किंवा झोहोकडे, खोल्यांचं बुकिंग तिसऱ्याकडे. या सगळ्यांचे पत्ते ठाऊक असतात फक्त तुमच्या डीएनएसला. तो गेला की काहीही न बिघडता सगळंच बंद. शिवाय तुम्ही पाठवलेले मेलही समोरून परत येऊ लागतात, कारण बरेच मेलसर्व्हर पाठवणाऱ्याचं डोमेन अस्तित्वात आहे का ते तपासतात.

माझा हिशेब असा. मुख्य नेमसर्व्हर तुमच्याच ऑफिसात असेल तर बाहेरचा हवाच, त्यात चर्चा नको. वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेले ‘एक’ आणि ‘दोन’ नावाचे नेमसर्व्हर वापरत असाल तर ते एकाच खोलीत आहेत का ते बघा. असतील तर बाहेरचा जोडा किंवा डीएनएस सरळ एखाद्या मोठ्या सेवेकडे हलवा. आणि मोठ्या एनीकास्ट सेवेवर, म्हणजे एकच पत्ता जगभरच्या अनेक ठिकाणांहून उत्तर देतो अशा सेवेवर, आधीच असाल तर कांदोळीच्या पंधरा खोल्यांच्या हॉटेलला तेवढं पुरेसं आहे. मोठ्या सेवाही पडतात. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटरसारख्या साइट्स अनेकांना उघडत नव्हत्या. पण दोन कंपन्यांकडचे रेकॉर्ड कायम सारखे ठेवणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर दुरुस्तीच दुखण्यापेक्षा महाग पडते. तासाभराच्या बंदीने ज्यांचे पैसे बुडतात त्यांनीच दोन कंपन्यांच्या वाटेला जावं.

फुकटात होणारं एक काम मात्र सगळ्यांनी आज करा. कुणीतरी कधीतरी साइट हलवताना टीटीएल, म्हणजे रिझॉल्व्हरने उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा, ३०० सेकंद केलेला असतो आणि तो तसाच राहतो. मग डीएनएस बंद पडलं की पाच मिनिटांत बोंब. मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड वर्षानुवर्षं बदलत नाहीत. त्यांचा टीटीएल एक दिवस ठेवला तर दोन-चार तासांची खोट बऱ्याच लोकांच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा १: तयारी

रजिस्ट्रारचं खातं कुणाच्या नावावर आहे ते शोधा. गोव्यातल्या छोट्या धंद्यांत ते हमखास वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतं, आणि तो मुलगा आता दुबईला असतो. खातं तुमच्या ताब्यात येईपर्यंत पुढचं काही करू नका. लॉगिनचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेल येणार कुठे? नूतनीकरणाची तारीखही याच वेळी बघून घ्या.

मग सध्याचा झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी, पूर्ण उतरवून घ्या. बाहेरून विचारून सगळी उपनावं मिळत नाहीत, त्यामुळे पॅनेलमध्ये शिरून एक्सपोर्टच करावं लागतं. एक्सपोर्टची सोय नसेल तर पानं स्क्रोल करत हाताने उतरवा आणि नोंदी मोजून ठेवा.

दोन ठिकाणी हात घसरतो. पहिलं, डीकेआयएमचा, म्हणजे तुमच्या मेलवरची सही तपासायच्या किल्लीचा, लांबलचक टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड. एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, म्हणून तो दोन अवतरणांत तोडलेला असतो. कॉपी करताना मधली जागा किंवा अवतरण आत शिरलं की रेकॉर्ड दिसायला ठीक दिसतो, पण सही जुळत नाही आणि तुमचे मेल स्पॅममध्ये जातात. दुसरं, झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी लागणारा टिंब. तो राहिला की सॉफ्टवेअर नावापुढे तुमचं डोमेन पुन्हा चिकटवतं. मेलचा पत्ता ‘मेल, टिंब, तुमचं डोमेन, टिंब, पुन्हा तुमचं डोमेन’ असा होतो. मी एकदा हा टिंब दीड तास शोधला आहे.

थांबा आणि तपासा. डोमेनला डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) लावलेलं आहे का, म्हणजे रजिस्ट्रारकडे त्या सहीच्या किल्लीची खूण असलेला डीएस रेकॉर्ड आहे का ते बघा. असेल आणि नवीन सेवा सही केलेला झोन जसाच्या तसा स्वीकारत नसेल, तर तिथून गेलेली उत्तरं गूगल आणि क्लाउडफ्लेअरचे सार्वजनिक रिझॉल्व्हर खोटी ठरवून टाकून देतील. हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅनेलमध्ये ‘एलियास’, ‘रिडायरेक्ट’ किंवा ‘प्रॉक्सी’ असलं काही असेल तर तेही टिपून ठेवा. या त्या-त्या कंपनीच्या खासगी सोयी आहेत, झोनबरोबर दुसरीकडे जात नाहीत.

## टप्पा २: ‘बाहेर’ म्हणजे नक्की किती बाहेर

पणजीत एक आणि मडगावच्या शाखेत एक, याला बाहेर म्हणत नाहीत. लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आलेली असू शकते. जुलैत एक माड आडवा झाला किंवा जेसीबीने एकदा दात घातला की दोन्ही गेल्या. राज्याबाहेर, वेगळ्या कंपनीकडे आणि वेगळ्या नेटवर्कवर, या तिन्ही अटी पाळा. नेटवर्क वेगळं आहे का ते बघायला दोन्ही आयपी पत्ते हूइजमध्ये, म्हणजे पत्ता कुणाचा ते सांगणाऱ्या सोयीत, टाका आणि एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) जुळतो का पाहा. जुळला तर पाटी वेगळी, दुकान एकच.

यात बडे बडेही फसले आहेत. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर एकाच राउटरमागे होते आणि त्या राउटरच्या सेटिंगमध्ये चूक झाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास गायब झालं. त्यांचे सगळे नेमसर्व्हर त्यांच्याच नेटवर्कमध्ये होते आणि ते नेटवर्कच इंटरनेटवरून नाहीसं झालं होतं.

बिलाचाही विचार करा. दोन्ही सेवा एकाच कार्डावर असतील आणि कार्डाची मुदत संपली, तर दोन्ही एकदमच थांबतील.

पैसे भरण्याआधी नव्या कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘दुसऱ्या ठिकाणच्या प्रायमरीकडून तुम्ही झोन ट्रान्स्फर घेता का?’ प्रायमरी म्हणजे तुम्ही रेकॉर्ड बदलता तो मूळ नेमसर्व्हर, सेकंडरी म्हणजे त्याची प्रत ठेवणारा, आणि झोन ट्रान्स्फर म्हणजे ती प्रत उचलणं. ‘डीएनएस होस्टिंग आहे’ हे याचं उत्तर नव्हे. हरिकेन इलेक्ट्रिकची फुकट सेवा ट्रान्स्फर घेते. ॲमेझॉनची रूट ५३ आणि मायक्रोसॉफ्टची अझूर डीएनएस या सेवा चांगल्या असूनही झोन ट्रान्स्फर करत नाहीत, त्यामुळे या जोडणीत त्या बसत नाहीत.

## टप्पा ३: रचना निवडा

ऑफिसात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर बाइंडसारखं नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर चालवत असाल तर माझी शिफारस लपलेल्या प्रायमरीची आहे. तुम्ही बदल करता ते मशीन जगाला दाखवायचंच नाही. जाहीर यादीत फक्त बाहेरचे दोन किंवा तीन सेकंडरी असतात आणि ते तुमच्याकडून झोन उचलतात. वीज गेली, लाइन गेली, तरी बाहेर कुणाला काही कळत नाही. आरएफसी २१८२ बहुतेक संस्थांना तीन नेमसर्व्हर सुचवतो, त्यातला निदान एक इतरांपासून चांगलाच लांब.

प्रायमरी ऑफिसातच ठेवणार असाल तर स्थिर आयपी लागतो. घरगुती योजनेच्या ब्रॉडबँडवर अनेकदा कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते आणि बाहेरचा सेकंडरी तुमच्या दारापर्यंत पोचूच शकत नाही. त्यापेक्षा छोटा क्लाउड सर्व्हर घ्या.

ट्रान्स्फर न करणाऱ्या दोन क्लाउड सेवा वापरायच्या असतील तर एकाच फाइलमधून दोन्हीकडे रेकॉर्ड ढकलणारं साधन हवं. ऑक्टोडीएनएस आणि डीएनएसकंट्रोल ही दोन मोफत साधनं त्यासाठीच आहेत. मात्र त्यानंतर पॅनेलमध्ये जाऊन हाताने बदल करायला सक्त मनाई. घाईत ‘एवढा एकच रेकॉर्ड’ म्हणून केलेला बदल पुढच्या वेळी फाइल पुसून टाकते.

## टप्पा ४: एसओएचे आकडे

एसओए ही झोनची पहिली ओळ, सेकंडरीने प्रत कधी घ्यायची आणि किती काळ वापरायची ते ठरवणारी. या ओळीकडे कुणी बघत नाही आणि रडवते तीच.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रायमरी विंडोज सर्व्हरवर होता. बाहेर सेकंडरी व्यवस्थित लावलेला, ट्रान्स्फर रोज होत होती. चवथीला कारखाना बंद झाला, सगळे गावी गेले. पहिल्याच रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, सर्व्हर बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप चालू झाला नाही. सेकंडरीने एक दिवस उत्तरं दिली आणि मग तोही गप्प. गणपती विसर्जन करून हिशेबनीस परतले तोवर निर्यातीच्या ऑर्डरचे मेल चार दिवस अडकून होते. माझं मोबाइलवरचं पहिलं वाक्य ‘बाब, सेकंडरी आहे ना?’ आणि तिकडून उत्तर, ‘आहे की, म्हणून तर निर्धास्त होतो.’

कारण एसओएमधला एक्स्पायर हा आकडा. प्रायमरीशी संपर्क नसताना सेकंडरीने किती काळ उत्तर देत राहायचं ते हा आकडा ठरवतो, आणि विंडोजच्या डीएनएसमध्ये तो मुळात एक दिवस असतो. शनिवार-रविवारलाही पुरत नाही.

असे ठेवा: रिफ्रेश (सेकंडरीने ‘नवीन काही आहे का’ विचारायचं अंतर) एक ते दोन तास, रिट्राय (संपर्क झाला नाही तर पुन्हा विचारायचं अंतर) पंधरा मिनिटं ते अर्धा तास, एक्स्पायर दोन ते चार आठवडे. शेवटचा आकडा ‘असं नाव नाही’ हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं याचा. तो एक तास. डीएनएसएसईसी वापरत असाल तर सह्यांची मुदत एक्स्पायरपेक्षा मोठी हवी. नाहीतर सेकंडरी मुदत संपलेल्या सह्या वाटत बसेल, आणि त्यापेक्षा गप्प बसलेला बरा.

झोन बदलला हे दाखवणारा, एसओएमधलाच सिरीयल नंबर तारखेवरून लिहितात: वर्ष, महिना, दिवस आणि दोन अंकी क्रम, असे दहा अंक. चुकून अकरावा अंक पडला तर तो ४,२९,४९,६७,२९५ या कमाल मर्यादेपलीकडे जातो आणि बाइंड झोन घेतच नाही. प्रत्येक बदलानंतर सिरीयल वाढवायला विसरलात तर सेकंडरीला काही बदललंय हे कळत नाही. तारखेत पुढचं वर्ष टाइप झालं आणि मग दुरुस्त करून आकडा कमी केलात, तर ‘माझ्याकडचं नवीन आहे’ म्हणून सेकंडरी तुमचं काही घेत नाही. सोपा उपाय: सेकंडरीच्या पॅनेलमधून झोन काढून पुन्हा जोडा, म्हणजे तो पहिल्यापासून सगळं उचलेल. पण तो नेमसर्व्हर आधीच जाहीर यादीत असेल तर हे रात्री करा, आणि सेकंडरी अनेक असतील तर एकेक घ्या.

## टप्पा ५: ट्रान्स्फर चालू करा

ट्रान्स्फरची परवानगी फक्त सेकंडरीच्या पत्त्यांना द्या. सगळ्यांना उघडी ठेवलीत तर तुमच्या आतल्या यंत्रांची नावं कुणीही एका फटक्यात उतरवून नेईल. पत्त्यांच्या जोडीला टीसिग नावाची सामायिक किल्ली लावा, एचमॅक-शा-२५६ प्रकारची. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

ट्रान्स्फर होत नसेल तर या क्रमाने बघा:

१. फायरवॉलमध्ये डीएनएसचा पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी या दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी उघडा आहे का? ट्रान्स्फर टीसीपीवरून होते आणि लोक फक्त यूडीपी उघडतात.

२. परवानगी दिलेला पत्ता बरोबर आहे का? अनेक सेवांचा उत्तरं देणारा पत्ता वेगळा आणि झोन उचलायला येणारा पत्ता वेगळा असतो. मदतीच्या पानावर तो दिलेला असतो. माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळ यातच जातो.

३. सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का? टीसिग साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो, वीज जाऊन आली की घड्याळ भलत्याच साली जातं आणि ट्रान्स्फर ‘काहीही न बदलता’ बंद पडते.

४. बदल झाला हे सेकंडरीला कळवणारी नोटिफाय सूचना जाते का? प्रायमरी ती यादीतल्या नेमसर्व्हरना आपोआप पाठवतो, पण सेवेचा सूचना घेणारा पत्ता यादीतल्यापेक्षा वेगळा असेल तर तो बाइंडच्या ‘ऑल्सो-नोटिफाय’मध्ये स्वतः लिहावा लागतो.

## टप्पा ६: जोडण्याआधीची पडताळणी

अजून रजिस्ट्रारला हात लावायचा नाही. डिग या डीएनएसला विचारायच्या कमांडने प्रत्येक नेमसर्व्हरला थेट विचारा, अ‍ॅट चिन्हापुढे त्याचं नाव लिहून. एसओए विचारल्यावर सगळीकडे तोच सिरीयल यायला हवा आणि उत्तराच्या फ्लॅगमध्ये ‘एए’ दिसायला हवं. ‘एए’ नसेल तर तो सर्व्हर तुमच्या झोनचा अधिकृत नाही, उत्तर दिलं तरी.

मग टप्पा १ मधली यादी घेऊन एकेक रेकॉर्ड दोन्हीकडे विचारा. कंटाळवाणं आहे, पण चहा घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचं काम. डीकेआयएम अक्षर न् अक्षर जुळवा.

थांबा आणि तपासा. हे ऑफिसच्या वायफायवरून करू नका. काही राउटर पोर्ट ५३ वरची विचारणा मधेच पकडून स्वतःच उत्तर देतात, आणि ऑफिसातला सर्व्हर आतल्या लोकांना वेगळे पत्ते सांगत असू शकतो. मोबाइलच्या डेटावरून बघा.

## टप्पा ७: आता रजिस्ट्रार

आधी तुमच्या झोनमध्येच नव्या नेमसर्व्हरची नावं सांगणारे एनएस रेकॉर्ड घाला, सिरीयल वाढवा, सगळीकडे पोचलं का बघा. त्यानंतर रजिस्ट्रारकडे तीच यादी भरा. दोन्हीकडची यादी अक्षरशः सारखी हवी. नेमसर्व्हरचं नाव तुमच्याच डोमेनमधलं असेल तर रजिस्ट्रारकडे त्याचा आयपी पत्ताही, म्हणजे ग्लू रेकॉर्ड, भरावा लागतो. पुढे तो आयपी बदलला की ग्लू बदलायचा राहतो, आणि हा दोष महिनोन्‌महिने दडून बसतो.

जुना नेमसर्व्हर काढायचा असेल तर यादीतून काढा, पण बंद करू नका. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवरच्या या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असतो. तुमच्या झोनमधल्या एनएसचा टीटीएल त्याहून मोठा असेल तर तेवढा. मी आठवडाभर चालू ठेवतो.

शेवटी झोनमास्टर या मोफत तपासणीतून डोमेन एकदा काढा. लाल दिसेल ते त्याच दिवशी निस्तरा. पिवळं दिसेल ते वाचून ठरवा, सगळ्याच पिवळ्यामागे धावू नका.

## टप्पा ८: रंगीत तालीम

प्रायमरी मुद्दाम बंद करून बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका. हॉटेलवाल्यांनी ही तालीम जुलैत करावी, खोल्या रिकाम्या असताना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर नेमसर्व्हरकडे बघूही नये.

रात्री अकराला प्रायमरी बंद करा. साइट उघडा, बाहेरच्या जीमेलवरून ऑफिसला मेल पाठवा, ऑफिसच्या पत्त्यावरून उत्तर द्या, बुकिंगचं पान उघडून तारखा निवडा. प्रायमरी सकाळी चालू करा आणि एक निरुपद्रवी टीएक्सटी रेकॉर्ड घाला. तो सगळ्या नेमसर्व्हरवर किती मिनिटांत दिसतो ते घड्याळ लावून मोजा. रिफ्रेशइतका वेळ लागला तर नोटिफाय पोचत नाही. टप्पा ५ मधल्या चौथ्या मुद्द्याकडे परत जा.

त्यानंतर रोज एकदा सगळ्या नेमसर्व्हरचा सिरीयल विचारून फरक दिसला तर कळवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. तिचा इशारा त्याच डोमेनच्या ईमेलवर पाठवू नका, फोनवर पाठवा. दोन्ही सेवांचं लॉगिन कुणाकडे आहे, बिल कधी आहे आणि प्रायमरी बंद पडल्यापासून एक्स्पायर होईपर्यंत किती दिवस हातात आहेत, हे एका कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कुंडईच्या त्या कपाटावर आता ‘२८ दिवस’ असं लाल पेनाने लिहिलेलं आहे.